खुर्ची दिली, पण दोस्त बोलेना

पत्र थोडक्यात (नावं, गाव काढून): यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून माजी सैनिकाचं पत्र आलंय, वय ४६. त्यांचा लहानपणापासूनचा दोस्तही फौजेतलाच, नायक होता, १४ वर्षं सर्व्हिस झालेली. चार वर्षांआधी सुट्टीवर आला असताना रात्री मोटरसायकलसमोर रोही (नीलगाय) आडवा आला, आणि पाठीचा कणा गेला. डी-१० ला (पाठीच्या दहाव्या मणक्याला) मार, कमरेखालचं काही कळत नाही. फौजेतून घरी आला त्याला तीन वर्षं झाली, घरी बायको, दोन पोरं, म्हातारी आई. यंदा गावातल्या माजी सैनिकांनी आणि तरुण मंडळानं वर्गणी केली, ३,२०,००० रुपये जमले. त्यातून ९५,००० ची बॅटरीवाली व्हीलचेअर घेतली, घरासमोर श्रमदानातून सिमेंटचा रॅम्प केला (मटेरियल १५,००० चं), आणि १५ ऑगस्टला मोठ्या पाहुण्याच्या हातानं खुर्ची द्यायचा कार्यक्रम ठेवला, फ्लेक्स लावला. दोस्त आलाच नाही. खुर्ची घरी नेऊन दिली तर ती छपरीत पडून आहे, त्यावर कोंबड्या बसतात असं लिहिलंय. तेव्हापासून तो नीट बोलतही नाही. आता उरलेल्या २,१०,००० चं काय करायचं? दोस्ताचा साळा म्हणतो स्टेम सेलचं (मूळ पेशींचं) इंजेक्शन देऊ, पोरगा चालायला लागेल. मंडळातली पोरं म्हणतात जिल्ह्यातल्या अशा सगळ्या जवानांसाठी संस्था काढू. आणि पत्र लिहिणारे विचारतात, आम्ही एवढं केलं, आमचं चुकलं कुठं?

भाऊ,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय, पान दोनच्या खाली, असंच जाताजाता. वहिनी तुम्हाला म्हणाल्या, "भाऊजी, खुर्चीपेक्षा रातच्याले दोन घंटे कोणी यायच्यापाशी बसलं असतं त मी झोपली असती." आणि तुम्ही पुढं लिहिता, बायकांना काय कळते. मी तर म्हणते अख्ख्या गावात तेवढं एकच माणूस आहे ज्याला कळते.

रात्री काय चालतं त्या घरात ते तुम्हाला माहीत आहे का? कणा गेलेल्या माणसाला मार लागलेल्या जागेच्या खाली दाबलेलं-टोचलेलं कळत नाही, हीच मोठी अडचण. तुम्ही-मी झोपेत कूस बदलतो कारण अंग अवघडतं, त्याला ते कळतच नाही. म्हणून रात्री दर दोन तासांनी कोणीतरी उठून त्याला कुशीवर करायचं, नाहीतर माकडहाडावर, टाचांवर, खुब्यावर जखम होते. डी-१० वाल्याचे हात शाबूत असतात, शिकवलं तर तो स्वतः वळू शकतो, पण त्यालाही सवय आणि बरी गादी लागते. त्यात लघवी कॅथेटरनं (आत नळी घालून) काढायची, दर चार ते सहा तासांनी, म्हणजे दिवसातून चार-सहा वेळा. शौचाला बसवायची रोजची ठरलेली वेळ, त्यात तास जातो. हे तीन वर्षं झालं बाई एकटी करते आहे, आणि सकाळी निंदणालाही जात असेल.

माझे मामा चिंचा झोडपताना झाडावरून पडले होते, मी तेव्हा आठवीत. गाव भेटायला यायचं, बिस्किटचे पुडे, सफरचंदं, सगळं यायचं. मामांना आम्ही घरातली सगळ्यात चांगली बाज दिली, सुंभाची, घट्ट विणलेली. तीन आठवड्यांत कमरेखाली वाटी मावेल एवढी जखम. प्रेमापायीच झालं ते, कोणाला रागवावं. तेव्हापासून कोणी म्हणालं ना की आम्ही अपंग माणसासाठी एवढं एवढं केलं, तर मी आधी विचारते, गादी कोणती आहे? सांगणारा जरा हिरमुसतो, पण विचारते.

तर भाऊ, चुकलं कुठं. मन लावून केलं तुम्ही, त्यात वाद नाही. पण अख्ख्या पत्रात मी शोधलं, त्याला काय पाहिजे हे त्याला विचारल्याचं कुठं लिहिलेलं नाही. सरपंचाला विचारलं, मंडळाला विचारलं, दुकानदाराला विचारलं, पाहुण्याची तारीख विचारली. तो घरीच होता ना? तो कुठं जाणार होता?

आता रॅम्पचं बघा. तुम्ही मोठ्या अभिमानानं माप दिलंय, ओटा अडीच फूट उंच, रॅम्प आठ फूट लांब. चाकाच्या खुर्चीसाठी साधा हिशोब असा आहे की एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. अडीच फुटाला तीस फूट. अंगणात जागा नसेल तर मधे वळण घेऊन करतात. तुमचा आठ फुटाचा रॅम्प म्हणजे घसरगुंडी आहे हो, उतरताना माणूस तोंडावर पडेल आणि चढताना मागं उलटेल. बॅटरीवाल्या खुर्चीचं वजन त्याच्यासकट सव्वाशे किलोच्या वर सहज जातं, ती मागं आली तर धरणार कोण, ती म्हातारी? तो खुर्चीवर बसत नाही याला तुम्ही रुसवा समजले. मला वाटतं फौजी माणूस आहे, उतार बघून त्याला कळलं असेल.

आणि संडासाचं दार? पत्रात नाही. गावाकडच्या बहुतेक संडासांचं दार दोन-सव्वादोन फुटाचं, खुर्ची तेवढीच नाहीतर त्याहून रुंद. म्हणजे एवढ्या पैशाची खुर्ची घेऊन त्याला ज्या ठिकाणी रोज जायचंच आहे तिथंच ती जात नाही. तीन फुटाचं दार, आत धरायला दोन दांडे, बसायला कमोडची खुर्ची, हे काम गावचा गवंडी आणि वेल्डिंगवाला मिळून करतो. याचा कार्यक्रम होत नाही, फ्लेक्सवर संडास छापत नाहीत, एवढंच.

काळ्या मातीचंही तुम्हाला मी सांगावं का. जून ते सप्टेंबर त्या बारीक चाकांना चिकटा धरणार आणि खुर्ची जागच्या जागी. वावरात जायची त्याला ओढ आहे असं तुम्हीच लिहिलंय, मग पांदण रस्त्याचं बघा, सरकारच्या शेत पाणंद रस्त्यांच्या योजनेत तुमच्या गावाचा नंबर लागला का ते ग्रामपंचायतीत विचारा. खडीचा रस्ता झाला तर तो बंडीत नाहीतर बाजूला चाकं लावलेल्या स्कूटरवर धुऱ्यापर्यंत जाऊ शकतो. हात चांगले असलेल्या माणसाला हातानं ढकलायची हलकी, त्याच्या मापाची खुर्चीच जास्त कामाची, गाडीत टाकता येते, लाइन गेली तरी चालते, खांदे टिकून राहतात. आणि खुर्ची कोणतीही घ्या, खालची उशी चांगली पाहिजे, हवेची किंवा खास फोमची. त्यावरही दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, मिनिटभर तसंच धरायचं. कार्यक्रमाच्या मांडवात तीन तास भाषणं ऐकत बसणं म्हणजे काय ते आता येतंय का लक्षात? तिथं कॅथेटर कुठं घालणार होता तो, स्टेजमागं? असे लोक कार्यक्रमाला जायचं असलं की आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाहीत. मग लघवीला इन्फेक्शन, मग खडे. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात मार लागलेल्या जागेच्या खाली घाम नीट येत नाही, शरीर तापतच जातं, त्यात पाणी कमी. (कूलरचं पाणी बदलता का हेही विचारा. उन्हात ठेवलेल्या खुर्चीच्या लोखंडानं मांडी भाजते आणि त्याला कळत नाही, हेही घरच्या पोरांना सांगा.)

आता जरा अवघड गोष्ट. फ्लेक्स. तुम्ही लिहिता, "सीमेवर लढताना जखमी असं टाकलं, तेवढं तर चालते, लोक पैसे देतात." मला वाटतं नेमकं तेच नाही चाललं. तो सुट्टीवर होता आणि रोही आडवा आला, हे त्याला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, त्याच्या पलटणीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. तुम्ही स्वतः फौजी, ज्यांना खरंच गोळी लागली अशी पोरं तुम्ही पाहिली असतील. त्यांच्या नावावरचा सन्मान चोरून घेतल्यासारखं वाटलं असेल त्याला, आणि तोही चौकात, दहा बाय वीसच्या फ्लेक्सवर. आणि दुसरी बाजू अशी की रोह्यानं पाडलेल्या माणसाला मदत मिळायला त्याला आधी सीमेवर न्यावं लागलं, म्हणजे त्याची जशी हकीकत आहे तशी ती तुम्हाला कमीच वाटली ना? त्यानं काय समजायचं. कणा मोडण्याचं कारण रोही असो, झाड असो, विहीर असो की तोफगोळा, कॅथेटर तेच लागतं.

तर माफी मागायची झाली तर याची मागा, बाकी कशाची नको. आणि एकटे जा.

पैशाकडं येऊ. स्टेम सेलचं एका ओळीत, नको. साळ्याचा जीव तुटतो म्हणून तो म्हणतो, त्याला रागवू नका, पण मणक्याच्या मारासाठी स्टेम सेल अजून सिद्ध झालेला उपचार नाही. आयसीएमआरच्या (सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या गाइडलाइनमधे रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर बाकी कशावरही हे उपचार म्हणून देता येत नाही, फक्त मंजूर झालेल्या ट्रायलमधे देता येतं, आणि ट्रायलमधल्या पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणजे कोणी लाखाचं पॅकेज सांगत असेल तर तिथंच उत्तर मिळालं. ही गोष्ट मी इतर वाचकांसाठीही जोर देऊन लिहिते आहे, कारण वावर विकून गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

संस्थेच्या आधी हक्काचं काय ते काढा. वर्गणीतून जे घ्याल ते सरकारनं द्यायचंच असेल तर तुम्ही सरकारचे पैसे वाचवले, दोस्ताचे नाही. त्याला पेन्शन कोणत्या प्रकारची आहे हे तुम्हाला माहीत नाही असं दिसतं. रिलीज मेडिकल बोर्डाचे (फौजेतून सोडताना तपासणी करतं त्याचे) कागद काढा, त्यात अपंगत्व किती टक्के लिहिलंय, आणि ते सर्व्हिसशी संबंधित धरलंय की नाही ते बघा. सुट्टीतल्या अपघाताबाबत यावर पुष्कळ वाद होतात, केसगणिक निकाल वेगळा लागतो, पण अपील करता येतं आणि त्यापुढं आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल आहे, मुंबईला खंडपीठ आहे. डिसॅबिलिटी पेन्शन बसत असेल आणि अपंगत्व शंभर टक्के धरलेलं असेल तर सोबतीला माणूस ठेवण्यासाठी वेगळा भत्ता मिळू शकतो, कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स म्हणतात त्याला. वहिनीच्या झोपेचा प्रश्न तिथं थोडा सुटतो. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, २००३ पासून आहे, त्याचं कार्ड निघालंय का, पॉलिक्लिनिकमधून कॅथेटर, लघवीच्या पिशव्या, गादी काय काय मिळतं ते एकदा समोर बसून विचारा. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढलंय का? आणि आपल्या राज्यात ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, तुमच्या सरपंचाला कार्यक्रमात भाषण करताना ते आठवलं नसेल, ग्रामसभेत आठवण द्या. संडासाचं दार त्यातून होऊ शकतं.

या सगळ्यासाठी यवतमाळला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. ७ डिसेंबरला झेंडे लावून जो ध्वजनिधी गोळा होतो, १९४९ पासून, तो अशाच माणसांसाठी असतो. तुम्ही स्वतः माजी सैनिक, तिथं चार खेपा मारणं तुम्हाला जमेल, त्याला जमणार नाही. ही मदत फुकट आहे आणि माझ्या मते खुर्चीपेक्षा मोठी आहे.

खडकीचं तुम्ही एका ओळीत उडवलंय, "त्याला आश्रमात टाकायचं नाही." थांबा जरा. पुण्याजवळ खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, १९७४ पासून, कण्याला मार लागलेल्या फौजींसाठी. केंद्रीय सैनिक बोर्डाचं अनुदान आणि लोकांच्या देणग्या यावर चालतं. तिथं माणसं आर्चरी करतात, व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात, मानेखाली काही हलत नाही असे जवान तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. तिथून जवळच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, १९१७ मधे पहिल्या महायुद्धातल्या अपंग सैनिकांसाठी निघालेली, काम शिकवायला. म्हणजे हे शंभर वर्षांआधीच कळलेलं होतं की जखमी फौजीला हार नको, हाताला हुनर पाहिजे. कायमचं राहायला जा असं मी म्हणत नाही, ते त्याचं तो ठरवेल. पण एकदा दोघं मिळून बघून या, वहिनीलाही न्या, त्या वेळी पोरांकडं तुमची बायको बघेल. तिथं त्याला असा कोणीतरी भेटेल ज्याला तेच झालंय आणि जो दहा वर्षं झाले खुर्चीवर मजेत आहे, शिव्या देतो, चहा पितो, स्वतःचं कॅथेटर स्वतः घालतो. तासभर त्याच्याशी बोलून जे होतं ते माझ्या सल्ल्यानं होत नाही, तुमच्या सांत्वनानं तर नाहीच नाही.

मुरलीकांत पेटकर तुम्हाला माहीत असतील, आपल्या महाराष्ट्रातलेच, ईएमईचे (फौजेच्या यंत्रदुरुस्तीच्या शाखेतले). १९६५ च्या लढाईत गोळ्या लागल्या, कमरेखाली गेलं. १९७२ ला हायडलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेतलं, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. त्या वेळी परदेशात जायला क्रिकेटवाल्या विजय मर्चंट यांच्या संस्थेनं तिकिटाला मदत केली असं सांगतात. मला ही गोष्ट पदकापेक्षा तिकिटासाठी आवडते. पेटकरांना कुठं जायचंय हे आधी ठरलेलं होतं, संस्थेनं फक्त भाडं दिलं.

आणि आपल्या इकडचं बघायचं तर बाबा आमटे, जन्म हिंगणघाटचा, काम वरोऱ्याला. त्यांचा स्वतःचा कणा इतका खराब होता की बसता यायचं नाही, एकतर उभं राहायचं नाहीतर आडवं पडायचं. तसे ते १९८५ ला भारत जोडोसाठी कन्याकुमारीहून निघाले, गाडीत झोपून प्रवास. वरोरा तुमच्यापासून काही फार लांब नाही, मंडळातल्या पोरांना संस्था काढायची आहे ना, त्यांना आधी एक दिवस आनंदवनात पाठवा. कपडे विणणारे, शेती करणारे, सुतारकाम करणारे लोक बघून येतील, मग ठरवू देत.

संस्थेला माझा विरोध नाही, घाईला आहे. सोसायटी रजिस्टर करायला सात माणसं लागतात, मग धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी, दर वर्षी ऑडिट. फ्लेक्ससाठी दोनशे माणसं येतील, ऑडिटसाठी तुम्ही एकटे राहाल. आणि अजून एक, वर्गणी गोळा करायच्या आधी धर्मादाय कार्यालयाची ४१-क ची परवानगी घेतली होती का? गणपती मंडळाला जी लागते तीच. नसेल घेतली तर आत्ताच धर्मादाय कार्यालयात जाऊन नीट करून घ्या, पैसे कोणाच्या खाजगी खात्यात असतील तर काढून दोन-तीन सह्यांच्या खात्यात टाका, आणि ३,२०,००० चा पूर्ण हिशोब ग्रामसभेत मोठ्यानं वाचा, खुर्चीच्या बिलासकट. दोस्तापुढंही वाचा. त्याच्या नावानं जमलेत ते.

मी तुमच्या जागी असते तर २,१०,००० एका झटक्यात उडवले नसते. कणा गेलेल्या माणसाचा खर्च म्हणजे किराण्यासारखा आहे, दर महिन्याला येतो. एकदाच लागणारं आधी करा, म्हणजे संडास, तीस फुटाचा रॅम्प, गादी, उशी. उरतील ते बँकेत ठेवा आणि दर महिन्याला ईसीएचएसमधून जे मिळत नाही तेवढं घ्या, आणि कोणाचं तरी मानधन द्या. तुमच्या गावात आशाताई आहेत, एखादी शिकलेली पोरगी असेल, तिला नागपूरला किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यात चार दिवस फिजिओथेरपीवाल्यांकडं बसवून कूस बदलणं, आरशानं कातडी तपासणं, हे शिकवून घ्या. आठवड्यातून तीन रात्री ती आली तर वहिनी झोपतील. दोन रात्री तुम्ही स्वतः जा, फौजेत संत्री ड्यूटी केली ना, दोन-दोन तासांची. तेच आहे.

जिल्ह्यात असे आणखी चार-पाच जण असतील म्हणता, तर रजिस्ट्रेशनच्या आधी त्यांना शोधा. फोन करा, घरी जा, विचारा. त्यातल्या कोणाला मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात मार असेल तर त्यांच्या घरच्यांना एक गोष्ट नक्की सांगून या, गावाकडं बऱ्याचदा दवाखान्यातही पटकन ध्यानात येत नाही. अचानक डोकं फुटल्यासारखं दुखायला लागलं, तोंड लाल, वरच्या अंगाला दरदरून घाम, बीपी भयंकर वाढलेलं, तर आधी उठून बसवा, घट्ट कपडे सैल करा आणि कॅथेटरची नळी दुमडली आहे का, लघवी तुंबली आहे का बघा. नाहीतर शौच अडकलंय का. बऱ्याच वेळा कारण तेवढंच असतं, पण उशीर झाला तर जिवावर बेततं. उतरलं नाही तर लगेच दवाखाना.

दोस्ताकडं जाल तेव्हा पाया पडून रडू नका, त्याला ते नको असेल. संध्याकाळी जा, जेवायला बसा. त्याच्याजवळ बाजेवर बसू नका, खाली किंवा मोढ्यावर बसा, डोळे एका उंचीवर येतील असं. फ्लेक्सचं म्हणा, "चुकलं बापा, खोटं लिहिलं, उतरवला." मग गप राहा. तो शिव्या देईल, देऊ द्या. शिव्या दिल्या म्हणजे बोलायला लागला. त्या रात्रीच पैशाचं काढू नका, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कागद घेऊन जा आणि म्हणा, एवढे उरलेत, तू सांग. त्यानं म्हटलं मला काहीच नको, तर तेही ऐकून घ्या, आणि वहिनीला वेगळं विचारा, कारण त्याचं नको आणि तिचं नको एक नसतं.

आणि ती खुर्ची. कोंबड्या आधी हाकला तिच्यावरून, बॅटरी महिनोन् महिने चार्ज न करता पडली तर कामातून जाते, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा तरी चार्जिंगला लावा. त्या चार-पाच जणांत मानेचा मार असलेला कोणी निघाला तर त्याला हीच खुर्ची देव भेटल्यासारखी होईल, त्याला हातानं चाकं ढकलता येत नाहीत, पण जॉयस्टिक चालवता येऊ शकते. पण परस्पर उचलून नेऊ नका. दोस्ताला विचारा, त्याची आहे ती.